भिंत पडली तर भाडेकरूचा हक्कही पडतो का? सातारा आणि सांगलीतील भाड्याच्या घरांचा इतिहास

१/
ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. गावभागातले वाडे, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, सगळीकडे पाणी शिरले. ते ओसरल्यावर घरातला गाळ उपसताना भाड्याने राहणाऱ्या कोणत्याही बिऱ्हाडापुढे उभा राहावा असा एक साधा प्रश्न होता. या महिन्याचे भाडे द्यायचे का?

२/
प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर १८८२ सालच्या एका कायद्यात आहे, आणि ते ऐकून बहुतेकांना धक्का बसेल. त्या उत्तरापर्यंत पोहोचायचे तर घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन शेजारी मुलखांत गेल्या सव्वाशे वर्षांत कसा कसा सोडवला गेला हे पाहावे लागेल. धागा लांबणार आहे. सवडीने वाचावा.

३/
आधी घर पाहू. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतला किंवा चिमणपुऱ्यातला, सांगलीच्या गावभागातला जुना वाडा म्हणजे दगडी जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, मातीच्या किंवा विटांच्या भिंती आणि वर कौले. पूर्वेला जत, आटपाडीकडे गेले की कौलांच्या जागी मातीचे माळवद. ही घरे शंभर-दीडशे वर्षे टिकतात, पण एका अटीवर. दरवर्षी पावसाळ्याआधी कौले चाळून फुटकी बदलावी लागतात, शाकारणी करावी लागते, माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागते. एक वर्ष चुकले की पाणी तुळईच्या टोकाशी मुरते, दुसऱ्या वर्षी तिथे वाळवी लागते, आणि पाच-सात वर्षांत खण खचतो. सिमेंटच्या इमारतीला दुर्लक्ष काही काळ सोसते. वाड्याला ते सोसत नाही.

म्हणून ‘दुरुस्ती कोणी करायची’ हा प्रश्न इथे दर मे महिन्यात नव्याने उभा राहतो.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी या वाड्यांत भाडेकरू येऊ लागले. कचेरीतला कारकून, शाळामास्तर, वकिलाकडचा मुनीम, हळदीच्या पेठेतला दिवाणजी, पुढे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय निघाल्यावर शिकायला येणारी मुले. मालक बहुधा त्याच वाड्यात मागच्या चौकात राहत असे. भाडे, पाणी, शाकारणी, सगळे तोंडी ठरत असे. ‘यंदाची कौले तुम्ही बघा, दोन महिन्यांचे भाडे धरू नका,’ अशा धर्तीच्या बोलीवर घरे उभी राहत. आठवणींत ही व्यवस्था फार गोड दिसते. ती मालकाच्या मर्जीवर चालणारी व्यवस्था होती, हेही ध्यानात ठेवावे.

५/
एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. ही मर्जी आधी दारातच लागे, खोली द्यायची की नाही या मुद्द्यावर. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नोव्हेंबर १९०० मध्ये ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्या भीमरावांना १९१७ साली, परदेशातील उच्च शिक्षण घेऊन परतल्यावरही, बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. या धाग्यात ज्या कायद्यांची चर्चा आहे ते सारे खोली मिळाल्यानंतरचे आहेत. ती मिळावी म्हणून त्यांतला एकही कायदा काही बोलत नाही.

६/
आता कायदा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा, पण मुंबई इलाख्यात तो लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांची परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातला एक भाग असा: वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एखादा दोष मालकाला ठाऊक असेल, आणि भाडेकरूला तो नेहमीच्या काळजीने पाहूनही कळण्याजोगा नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. म्हणजे रंग देऊन झाकलेली खचकी तुळई सांगायची. उघड्या डोळ्यांना दिसणारे गळके छप्पर सांगण्याची गरज नाही, ते तुम्ही पाहूनच घेतले आहे.

७/
आणि दुरुस्ती? या कायद्याने घर जसे मिळाले त्याच स्थितीत ठेवण्याचा भार मुख्यतः भाडेकरूवर टाकला. फक्त नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि दैवी आपत्ती यांतून त्याला सूट दिली. मालकाने दुरुस्ती करायला तो ‘बांधील’ असेल तरच करायची. नोटीस देऊनही त्याने ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, असा उपाय दिला होता. वाचायला छान. पण मालक बांधील कधी? करारात तसे लिहिले असेल तर. आणि करार तर तोंडी!

८/
हा विचार इंग्लंडातून आला. तिथे १८४३ साली ब्रायटनमधल्या एका सामानसुमानासह भाड्याने घेतलेल्या घरात ढेकणांचा इतका सुळसुळाट निघाला की भाडेकरू कुटुंब घर सोडून गेले. मालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. न्यायालयाने सांगितले की असे घर राहण्याजोगे असलेच पाहिजे, नसेल तर भाडेकरू जाऊ शकतो. गरिबांच्या घरांसाठी मोठाच दिलासा झाला असता. पण त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात हे तत्त्व सामानासह दिलेल्या घरांपुरतेच बांधून टाकण्यात आले. रिकामी खोली घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी, हा नियम कायम राहिला. खुर्च्या-पलंगांसह घर घेणारे श्रीमंत असत, आणि रिकाम्या खोल्यांत गरीब राहत, हे वेगळे सांगायला नको.

९/
आता सातारा आणि सांगली यांच्यातला फरक पाहू. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि तो ब्रिटिश जिल्हा बनला. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान राहिले. मिरजेत पटवर्धनांच्याच थोरल्या आणि धाकट्या पाती, जतला डफळे, औंधला पंतप्रतिनिधी, फलटणला नाईक-निंबाळकर. तासगाव, इस्लामपूर, कऱ्हाड ब्रिटिशांकडे. साताऱ्याहून बैलगाडीने मिरजेस निघालेला माणूस वाटेत अनेक सरहद्दी ओलांडत असे आणि प्रत्येक सरहद्दीवर कायदा बदलत असे. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. तो दरबाराने स्वीकारावा लागे. त्यामुळे तासगावच्या भाडेकरूला कलम १०८ होते, आणि काही कोसांवरच्या सांगलीतल्या भाडेकरूला दरबार देईल ते.

१०/
युद्धांनी चित्र पालटले. पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडेवाढ रोखणारा पहिला कायदा केला. दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये पुन्हा एक. आणि मग आला तो प्रसिद्ध १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, ज्याने ‘प्रमाण भाडे’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तिथेच गोठवले गेले.

हा कायदा अमलात आला १३ फेब्रुवारी १९४८ रोजी. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, ८ मार्च १९४८ रोजी, सांगलीसह दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. त्याचेच नाव २१ नोव्हेंबर १९६० पासून सांगली. भाडे नियंत्रण यादीतल्या आणि पुढे अधिसूचनेने जोडलेल्या गावांपुरते असले, तरी दोन्ही मुलखांतले वाडे आता एकाच विधिमंडळाच्या कायद्याखाली आले.

११/
भाडे गोठवले ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याच कायद्याचे कलम २३ फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि माझ्या मते तेच अधिक क्रांतिकारक होते. त्याने १८८२ चे पारडे उलटे केले. विरुद्ध करार नसेल तर जागा चांगल्या व राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणे हे प्रत्येक मालकाचे बंधन झाले. करारात लिहिलेले असो वा नसो! शेजारच्याच कलम २४ ने पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सफाई यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास मालकाला मनाई केली. भाडेकरूला घालवायचे असेल तर आधी नळ बंद होतो, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

हीच दोन कलमे आज १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात कलम १४ आणि कलम २९ म्हणून जिवंत आहेत. तो अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

१२/
कलम १४ चा उपाय प्रत्यक्षात असा चालतो. भाडेकरूने, किंवा सर्व भाडेकरूंनी मिळून, मालकाला लेखी नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. हिशेब आणि पावत्या ठेवल्या असतील तर तो खर्च मालकावर बंधनकारक. यासाठी आधी न्यायालयात जाण्याची गरज नाही. सातारा-सांगलीच्या भाडेकरूला ज्या न्यायालयाकडे जावे लागते ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे. तिथल्या तारखा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘न्यायालयाविना’ या शब्दाची किंमत कळेल.

पण याच कलमाच्या शेवटी एक परंतुक आहे. कोणत्याही वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

१३/
इथे थोडे गणित करू. समजा, एका वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे जुने भाडे महिना २० रुपये. चौघांचे मिळून वर्षाचे भाडे ९६० रुपये. त्याचा चौथा हिस्सा २४० रुपये. एवढ्यात एक तुळई तर सोडाच, सुताराची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. १९९९ च्या कायद्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली. चक्रवाढीने धरली तरी २००० सालचे ५० रुपये वीस वर्षांनी सुमारे ११० होतात.

भाडे जितके कमी, तितका दुरुस्तीचा हक्क दुबळा. ज्या कायद्याने भाडेकरूच्या हाती हे हत्यार दिले, त्यानेच भाडे गोठवून त्याची धार काढून घेतली. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. १९४७ साली भाडे नियंत्रण ही काही वर्षांची तात्पुरती सोय समजली जात होती. मुदत संपली की वाढवायची, असे करत ती अर्धशतक चालली.

१४/
मालकाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडच्या कथांत मालक नेहमी खलनायक असतो. मुंबईतला चाळीचा मालक आणि शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या मालकीणबाई एकाच मापाने मोजता येत नाहीत. मागच्या चौकात राहणारी विधवा, हातात महिना ऐंशी रुपये भाडे, मालमत्ता पत्रकावर अकरा वारसांची नावे, त्यातले निम्मे पुण्यात. शाकारणीला पैसे कोण देणार? आणि भाडेकरूने नोटीस द्यायची तर कोणत्या वारसाला?

सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्या भाडेगोठवणीच्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी आणि अवाजवी झाल्या आहेत, असे स्पष्ट म्हटले. कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने त्या तेव्हा रद्द केल्या नाहीत इतकेच. १९९९ चा कायदा त्या निकालाच्या पाठोपाठ आला.

१५/
मुंबईने या कोंडीवर वेगळा तोडगा काढला होता. १९६९ च्या कायद्याने तिथे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, जुन्या इमारतींवर उपकर बसवला, आणि सुमारे १९ हजार इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी त्या मंडळाकडे गेली. काम कसे झाले हा वेगळा विषय. पण मालक करत नाही आणि भाडेकरूला झेपत नाही, तेव्हा कुणीतरी तिसऱ्याने खर्च उचलावा, हे तत्त्व मान्य झाले. ते मुंबई बेटापुरतेच. साताऱ्याच्या वाड्याला उपकर नाही आणि मंडळही नाही. पावसाचे प्रमाण मात्र कायद्याने ठरत नसते.

१६/
शिवाय हक्क वापरणाऱ्याला तीन सापळे होते, आणि वकिलांना ते तिन्ही पाठ असत.

भाड्यातून दुरुस्तीचा खर्च कापला की मालक म्हणे, भाडे थकले. थकबाकी हे घर खाली करून घेण्याचे कारण आहेच. म्हणून जाणते भाडेकरू पावती मिळत नसेल तर भाडे मनीऑर्डरने पाठवत, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलेली मनीऑर्डरची कागदे वर्षानुवर्षे जपून ठेवत. अनेक घरांत लग्नाच्या दागिन्यांच्या खालोखाल जपलेला ऐवज तो.

दुसरा सापळा: मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणे हेही घर खाली करण्याचे कारण. मग पडलेली भिंत पुन्हा बांधणे ही दुरुस्ती की बांधकाम? स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा घातला यावरून लोकांनी खटले लढले आहेत. अखेर कायद्यातच लिहावे लागले की ओटा, लाकडी आडभिंत, हवेसाठी खिडकी यांना कायमचे बांधकाम समजू नये. विधिमंडळाला ओट्याची व्याख्या करावी लागली, यातच सगळे आले.

तिसरा सापळा सर्वांत क्रूर. वाजवी कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही तर संरक्षण जाते. छप्पर गळते म्हणून कुटुंब भावाकडे राहायला गेले, खोलीला कुलूप लावले, आणि दुरुस्तीची वाट पाहत बसले, तर मालक न्यायालयात जाऊन म्हणणार की यांना जागेची गरजच नाही. कारण ‘वाजवी’ होते हे सिद्ध करण्याचा खटाटोप मग भाडेकरूचा. म्हणून गळक्या खोलीत बादल्या ठेवून राहणारी म्हातारी माणसे दिसतात. ती हट्टी असतात असे लोक समजतात.

१७/
आता आपत्तीकडे येऊ. या दोन जिल्ह्यांना दोन्ही तऱ्हेच्या आपत्ती ठाऊक आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यात घरे जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर दीड दशकात आले.

कलम १०८ मध्ये याची तरतूद १८८२ पासून आहे. आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार किंवा दुसरी एखादी अनिवार शक्ती यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्यासाठी ती ‘बऱ्याच अंशी आणि कायमची’ निकामी झाली, तर भाडेकरूची इच्छा असल्यास भाडेपट्टा रद्द होतो.

१८/
या वाक्यातले दोन शब्द महत्त्वाचे. पहिला ‘कायमची’. पूर आला, चार-सहा दिवस घर पाण्याखाली गेले, पाणी ओसरले, गाळ काढला, भिंती ओल्या राहिल्या, तर हे कायमचे निकामी होणे नव्हे. करार चालू, भाडेही चालू. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच: मालकाने सोडले नाही, करारात तशी अट नसली, तर कायद्याने भाडे द्यावे लागते. परिस्थिती बदलली म्हणून करार आपोआप संपला, हा करार कायद्यातला युक्तिवादही इथे चालत नाही. फाळणीमुळे पाकिस्तानात गेलेल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितले की तो नियम भाडेपट्ट्याला लागू नाही.

मात्र पुरानंतर भिंती, वायरिंग, नळ यांची दुरुस्ती ही कलम १४ खाली मालकाची जबाबदारी, आणि तिथे पंधरा दिवसांची नोटीस चालते. भाड्याचा वाद घालण्यापेक्षा ती नोटीस देणे शहाणपणाचे.

१९/
दुसरा शब्द ‘इच्छा असल्यास’. घर नष्ट झाले की करार संपतो असे कायदा म्हणत नाही. संपवायचा की नाही हे भाडेकरूने ठरवायचे. हा शब्द १८८२ मध्ये भाडेकरूची सुटका व्हावी म्हणून घातला गेला. पडक्या घराचे भाडे त्याच्या गळ्यात पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. शंभर वर्षांनंतर मात्र जुन्या भाडेकरूला सुटका नकोच होती. त्याला राहायचे होते. आणि मग तोच शब्द उलट बाजूने कामी आला.

२०/
कारण वाड्यांच्या कहाणीचा पुढचा अंक आता सुरू झाला होता. दुरुस्ती न झालेला वाडा कधीतरी धोकादायक होतोच. नगरपालिकेच्या गावात १९६५ च्या अधिनियमाचे कलम १९५, महापालिका असेल तर कलम २६४. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका झाली १९९८ मध्ये. या कलमांखाली पालिका नोटीस देते: इमारत पाडा, तिला आधार द्या किंवा दुरुस्त करा. कायद्यात दुरुस्तीचा पर्याय आहे. पेठांमधून मात्र ‘धोकादायक इमारत’ या पाटीचा अर्थ ‘पाडायची इमारत’ असाच घेतला जातो.

मालकाने दुरुस्तीसाठी खोली रिकामी करून घेतली तर भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायद्याने राखून ठेवला होता. पालिकेच्या आदेशाने इमारत पाडली तर काय, याबाबत तितकी स्पष्टता नव्हती. काही मालकांना यात वाट दिसली. दहा वर्षे कौले चाळायची नाहीत, मग पालिकेला स्वतःच अर्ज करायचा.

२१/
असेच एक प्रकरण सांगलीहून निघाले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महापालिकेच्या नोटिशीनंतर भाड्याने दिलेली इमारत पाडली गेली. प्रश्न एवढाच होता: इमारत गेली तर भाडेकरूचा हक्क उरतो का?

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचेच दोन सूर होते. २००१ सालच्या केरळमधल्या प्रकरणात म्हटले होते की इमारत नष्ट झाली की भाडेकरूचा हक्कही संपतो. २००३ च्या निकालात त्याच्या विरुद्ध मत आले. म्हणून सांगलीचे प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले, आणि २०१४ साली निकाल लागला. इमारत निसर्गाच्या कोपाने पडलेली नसून पालिकेने पाडली आहे. कलम १०८ प्रमाणेही पट्टा संपवायचा की नाही हे भाडेकरूच्या इच्छेवर आहे. आणि घर भाड्याने देताना त्याखालची जमीनही त्या पट्ट्यात आलेली असते. तेव्हा भिंती गेल्या तरी भाडेकरूचा हक्क जात नाही.

२२/
या निकालाचे महत्त्व मला असे वाटते. १९४७ पासून कायदा सांगत होता की घर नीट ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. पण ते न केल्याबद्दल मालकाचे काही बिघडत नव्हते, उलट घर पडले तर जमीन मोकळी होत होती. २०१४ नंतर घर पडू देण्यातला हा फायदा निदान कागदावर तरी उरला नाही. दुरुस्ती करा अशी सक्ती ज्या कायद्याला नीट जमली नाही, त्याने दुरुस्ती न करण्याचे बक्षीस काढून घेतले. सांगलीच्या एका पाडलेल्या इमारतीने देशभरच्या भाडेकरूंसाठी हे काम केले, आणि सांगलीत हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून आणि २०१५ च्या शासननिर्णयातून इमारतींची वर्गवारी आली. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ ब म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्त होण्याजोगी. सी-३ किरकोळ. भाडेकरूंना स्वतःचा संरचना अभियंता नेमून अहवाल देता येतो. मालकाचा आणि त्यांचा अहवाल जुळला नाही तर तांत्रिक समिती निर्णय देते. पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे क्षेत्रफळ नोंदवून ठेवायचे असते. नोटीस आली की पहिल्यांदा वर्ग कोणता ते विचारावे आणि क्षेत्रफळाच्या नोंदीची प्रत मागावी.

२३/
हे सगळे जुन्या भाडेकरूंचे झाले. आज साताऱ्यात शिकायला आलेली मुलगी किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेला तरुण ज्या कागदावर सही करतो तो भाडेपट्टा नसतोच. तो अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सने राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला होता. ते दार त्यानंतर बंद झाले. कलम १४ मालक आणि भाडेकरू यांच्याबद्दल बोलते. लायसन्सधारकाला त्याचा आधार सहज मिळत नाही.

२४/
त्याच्यासाठी उरतो तो पुन्हा १८८२ सालचाच एक कायदा, सुविधाधिकारांचा. त्याचे कलम ५७ म्हणते की जागेत जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष जागा देणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो सांगितलाच पाहिजे. कलम ५८ म्हणते की जागा धोकादायक होईल असे काही देणाऱ्याने करू नये. गळती, ओल, तुंबलेले गटार यांबद्दल ते काही बोलत नाही. म्हणजे या बाबतीत आजचा तरुण साधारण १८९३ च्या कारकुनाइतकाच सुरक्षित आहे, आणि त्याने करारात जे लिहून घेतले असेल तेवढेच त्याचे. पूररेषेतल्या खोलीचा करार करताना ‘पाणी शिरल्यास घर वापरण्याजोगे होईपर्यंत भाडे लागणार नाही’ हे एक वाक्य घालून घ्यायला काही खर्च येत नाही. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. तो नोंदवला नसेल तर वादात अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

२५/
केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा मंजूर केला. त्यात पुरासारख्या आपत्तीत घर राहण्याजोगे उरले नाही तर ते पुन्हा तसे होईपर्यंत मालकाने भाडे घेऊ नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. मालक दुरुस्ती करत नसेल आणि तीवाचून घर राहण्याजोगे नसेल, तर पंधरा दिवसांच्या नोटिशीने घर सोडण्याचीही मुभा आहे. घर हा राज्याच्या अखत्यारीतला विषय असल्याने राज्याने स्वीकारल्याखेरीज तो मसुदा इथला कायदा होत नाही. त्याला केंद्राची मंजुरी मिळाली तो जून महिना, आणि सांगलीत पुन्हा पूर आला तो त्याच वर्षीचा जुलै.